कोरा फ्लॅश

माझ्या उस्तादांच्या काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा काळा-पांढरा ‘इंदू’ रोल असे. माझ्या वाट्याला रंगीत आले. पोंभुर्ण्यातल्या एका लग्नाला ३६चे तीन रोल, म्हणजे १०८ फोटो. सुरुवातीची फीत जपून गुंडाळली तर एखादा सदतिसावाही निघे, आणि तो निघाला की दिवस सार्थकी लागे. मेच्या उन्हात मीटर लागतच नसे: शंभरचा रोल, एफ १६, सेकंदाचा १२५वा भाग. त्याच उन्हाने रोल मात्र बिघडत. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यांत घालून ते मी माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवी. धुवायला एसटीने चंद्रपूरला.

रोलने वाट बघायला शिकवलं, असं सगळे जुने फोटोग्राफर सांगतात. खरं आहे. अक्षतांचे हात कधी उठणार, हे मंगलाष्टकांच्या चालीवरून कळायचं. आता एका लग्नात दोन हजार वेळा बटण दाबतो, दर वेळी मान खाली स्क्रीनकडे जाते आणि तेवढ्यात समोरचं निसटतं.

पण रोलने आणखी एक सवय लावली, तिच्याविषयी कुणी बोलत नाही. जावई, पुढारी, वैनगंगेपलीकडून आलेलं वऱ्हाड यांच्यासाठी फोटो राखून ठेवायचे. बाकी कुणी ‘आमचाही’ म्हटलं, की फ्लॅशचं टेस्ट बटण दाबायचं. लख्ख उजेड पडे, फिल्म जागची हलत नसे. कोरा फ्लॅश. पोरं खूश.

एका मांडवामागे भाताच्या गंजापाशी बसलेली बुढी म्हणाली, “भाऊ, माजाबी काढ ना गा.” हात पुसले, पदर डोक्यावरून घेतला, न हसता सरळ माझ्याकडे बघितलं. मी उजेड पाडला.

“बराबर आला का गा?”

“आला, आजी.”

आता मी आचारी, वाढपी, गंज घासणाऱ्या बाया, सगळ्यांचे काढतो. फुकटात पडतं, म्हणून.

गेल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत तिचा नातू दुकानात आला. तेरवीला फ्रेम हवी होती. घरात फक्त आधार कार्डावरचा फोटो. “आजी सांगे, तुम्ही काढला होता तिचा. निगेटिव्ह असंल तर बघा ना.”

पाकीट सापडलं. तिन्ही रोलच्या पट्ट्या मी त्याच्यासमोर एकेक करून ट्यूबलाइटला धरल्या. “राहू द्या भाऊ,” शेवटी तोच म्हणाला. मी पुन्हा पहिली पट्टी उचलली.