खाली पडलेलं संत्रं

काटोलकडे संत्र्याची तोड सुरू झाली की प्रत्येक बागेत मी एक गोष्ट सांगतो. तोडताना खाली पडलेलं फळ पेटीत घालू नका. वरून ते साबूत दिसतं, पण आत मार बसलेला असतो आणि चार दिवसांनी ते सडतं. इतकी वर्षं हे सांगणाऱ्या मला गेल्या वर्षी नेमक्या वेळी ते आठवलं नाही.

गावात रात्रीचे कबड्डीचे सामने होते. माझा पुतण्या चढाईला गेला. पकडीत त्याचं डोकं एकाच्या गुडघ्यावर आपटलं. क्षणभर पडून राहिला, मग उठला. पोरांनी तोंडावर पाणी मारलं, लोकांनी टाळ्या दिल्या. माझ्याजवळ येऊन त्याने विचारलं, "काकाजी, आपले गुण किती झाले?" मी सांगितले. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मी हसून म्हणालो, "जा, लढ!" रक्त नाही, खोक नाही, मग काळजी कसली?

मध्यरात्री ओकाऱ्या सुरू झाल्या. जीप करून नागपूरला नेलं. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला हादरा बसलाय. तो स्कॅनमध्ये दिसत नाही. तोच तोच प्रश्न विचारणं हीच खूण होती. तेव्हाच बाहेर काढायचं होतं. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला असता तर जिवावर बेततं." पुढे तीन आठवडे पोराचं डोकं दुखायचं, पुस्तक वाचवेना, उजेड सोसवेना. वहिनी मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये खेळाडू डोक्यावर टोप घालून एकमेकांवर धडकतात. २००२ साली वारलेल्या माइक वेबस्टर या नामांकित खेळाडूच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना वर्षानुवर्षांच्या धडकांचा बिघाड सापडला. टोपाने कवटी वाचते, आत हलणारा मेंदू नाही. मुलांना हा खेळ खेळू द्यावा का, असा प्रश्न आता तिथल्या आईबापांनाही पडतो. क्रिकेटने २०१९ मध्ये नियमच केला. असा हादरा बसलेल्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो. २०२० साली कॅनबेऱ्याला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला, तेव्हा चहल असाच आला होता.

वहिनी म्हणे, खेळच बंद. मला ते पटेना. एक फळ पडलं म्हणून कोणी बाग तोडत नाही. पण पडलेलं फळ बाजूला काढावंच लागतं. कबड्डीत राखीव गडी असतातच. डोक्याला मार लागलेल्याला त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही, रात्री एकटं झोपवायचं नाही. ओकारी, वाढती डोकेदुखी, झटके, बोबडी वळणं किंवा हलवूनही जाग न येणं, यातलं काही दिसलं तर दवाखाना गाठायचा. आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत मैदान बंद.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुतण्या पुन्हा खेळू लागला. यंदाच्या सामन्यात आमच्या सर्वांत चांगल्या गड्याचं डोकं आपटलं. "मला काही झालं नाही," तो ओरडत होता. पुतण्यानेच त्याला हाताला धरून बाहेर बसवलं. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. त्या रात्री मला मात्र शांत झोप लागली.