रोग रेड्याला, औषध पखालीला

मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा संपादकांचा फोन आला की आम्ही दरवेळी "बघतो" म्हणतो आणि पुढे काहीच बघत नाही. ह्या खेपेला मात्र विषय त्यांनीच दिला. "तुमची सगळी हयात दुबईत सर्व्हर सांभाळण्यात गेली. त्यातलंच काहीतरी सांगा, पण आमच्या घरच्यांना कळेल असं." सांगण्यासारखं आमच्याकडे एकच आहे आणि त्याचा मंडळाच्या अंकाशी जवळचा संबंध आहे. कसा, ते पुढे येईलच. लेखात आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणणार आहोत, तो राजेशाही थाट समजू नये. चूक कबूल करताना 'मी' हा शब्द घशात अडकतो. 'आम्ही' म्हटलं की दोष थोडा वाटून घेतल्यासारखा वाटतो, एवढंच!

गोष्ट १९९९ सालची. देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत आम्ही कॉम्प्युटर विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे आम्ही आणि हाताखाली सावंतवाडीकडचा एक तेविशीतला मुलगा. सकाळी आठ ते एक आणि दुपारी चार ते सात अशी दोन पाळ्यांची नोकरी, शुक्रवारी सुट्टी. ऑफिसात १९ कॉम्प्युटर, सगळे विंडोज ९५ नाहीतर ९८ वाले, आणि मधोमध एक फाइल सर्व्हर, त्यावर विंडोज एनटी. फाइल सर्व्हर म्हणजे ऑफिसचं सामाईक गोदाम. हिशेब, बिलं, पत्रं सगळं तिथं ठेवायचं आणि ज्याला जे हवं ते त्यानं तिथून उघडायचं.

ह्या गोदामाच्या दारात अँटिव्हायरस नावाचा पहारेकरी होता. आत येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक पोतं उघडून आपल्याजवळच्या चोरांच्या यादीशी ताडून पाहणं, हे त्याचं काम. बाकीच्या १९ कॉम्प्युटरांसाठी मात्र पहारेकरी घेतला नव्हता. "दारात एक आहे ना, मग घराघरात कशाला?" असा अरबाबचा सवाल होता आणि त्यावर आम्हीही मान डोलावली होती.

जानेवारीत वर्षअखेरचे हिशेब सुरू झाले आणि तक्रारी आल्या. सकाळी सकाळी एकेक बिल उघडायला अर्धा मिनिट लागायचं. आमचे मल्याळी अकाउंटंट दिवसातून चारदा येऊन उभे राहत. आम्ही पाहिलं, तर सर्व्हरचा जीव अँटिव्हायरस खात होता. आता खरं म्हणजे इथं थांबून 'तो सकाळीच का दमतो?' हे विचारायला हवं होतं. पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही आपली जुनी खोड! अँटिव्हायरसमध्ये वगळण्याची यादी असते, म्हणजे 'ह्या जागा तपासू नकोस' असं त्याला सांगता येतं. आम्ही त्या यादीत अख्खा सामाईक ड्राइव्ह टाकून दिला. एका क्षणात सर्व्हर पळायला लागला. अकाउंटंटनी केळ्याच्या वेफर्सचा पुडा आणून दिला. आमचा ऑफिसातला भाव वधारला.

फेब्रुवारीत मंडळाच्या पाडव्याच्या अंकाची गडबड सुरू झाली. तेव्हा युनिकोड आपल्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. मराठी टाइप करायचं तर फॉन्ट मिळवावे लागत आणि प्रत्येक फॉन्टचा कळफलक वेगळा. ठाण्याच्या एका मित्रानं कुणाकडून तरी कॉपी केलेली सीडी पाठवली. त्यात फॉन्ट होते आणि कोपऱ्यात पाचसहा खेळही होते. ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर चार पानं गुपचूप काढावीत म्हणून आम्ही ती सीडी जशीच्या तशी सर्व्हरच्या 'कॉमन' फोल्डरमध्ये उतरवली. अंक वेळेवर निघाला, कौतुक झालं. सीडीतला पत्त्यांचा खेळ ऑफिसात कधी पसरला ते आम्हाला कळलंही नाही.

२६ एप्रिल १९९९, सोमवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला, "स्क्रीन काळी आहे." साडेआठपर्यंत सात कॉम्प्युटर बंद पडले. पाहिलं तर डिस्कची सुरुवातच कचरा भरून पुसलेली. त्यातल्या दोघांची मदरबोर्डवरची बायोसची चिपसुद्धा गेली, म्हणजे बटण दाबलं तरी ढिम्म. हा सीआयएच नावाचा व्हायरस. तैवानच्या एका विद्यार्थ्यानं १९९८ साली लिहिलेला. २६ एप्रिल ही १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेची तारीख, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. त्या दिवशी दक्षिण कोरियापासून तुर्कस्तानपर्यंत ढिगानं कॉम्प्युटर मेले, आखातातही तीच रड. आणि गंमत म्हणजे हा चोर काही नवा नव्हता. अँटिव्हायरसवाल्यांच्या यादीत त्याचं नाव कित्येक महिन्यांपासून होतं.

सर्व्हर मात्र धडधाकट होता. कारण हा व्हायरस विंडोज ९५ आणि ९८ वरच चालतो, एनटीवर चालत नाही. पण टाकीला कॉलरा होत नाही, टाकीतलं पाणी पिणाऱ्याला होतो! दुपारच्या सुट्टीत आम्ही वगळण्याच्या यादीतून ड्राइव्ह काढला आणि तपासणी चालू केली. वीस मिनिटांत सापडला. पत्त्यांचा खेळ, आमच्या सीडीतला. आम्ही फक्त फॉन्ट उघडले होते, खेळ कधी उघडला नव्हता, म्हणून आमचा स्वतःचा कॉम्प्युटर त्या सकाळी निमूट सुरू झाला होता. त्याच्याकडे बघवेना.

चार वाजता मॅनेजरनी विचारलं, "ती फाइल तिथं कुणी ठेवली?" एनटीत प्रत्येक फाइलचा मालक कोण हे दिसतं. पण ठेवणारा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असेल तर माणसाचं नाव येत नाही, सगळ्या गटाचं येतं. त्या गटात माणसं दोन. आम्ही आणि आमचा सावंतवाडीकर. आणि दुपारच्या सुट्टीत तो खेळ कोण खेळत बसतं, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. मॅनेजर म्हणाले, "तो मुलगाच ना? उद्या सकाळी नक्की सांगा. अरबाबना नाव हवंय."

नाव हवंय म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना समजावून सांगायला नको. नोकरी गेली की व्हिसा गेला. पोराचा पासपोर्ट तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे कंपनीच्या तिजोरीत. गावी बहिणीचं लग्न ठरलेलं. आणि आमचं काय, तर करामातलं भाड्याचं घर, मुलगी चौथीत, सौ.चा व्हिसा आमच्या व्हिसावर. आम्ही मॅनेजरना "तपासून सांगतो" म्हणालो. खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही.

रात्री जेवण जाईना. सौ.ला सगळं सांगितलं. तो मुलगा दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा, काकू काकू करत दोनदा भात घ्यायचा. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, शुक्रवारी तो आला तर मी त्याला वाढीन. तुम्ही त्याच्यासमोर बसाल का?"

मंगळवारी सकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये उभं राहून सांगितलं. सीडी आमची. आणि पहारेकऱ्याला तिथं बघू नको म्हणून सांगणारेही आम्हीच. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "किती दिवसांत सगळं सुरू होईल?" त्या वर्षीची पगारवाढ बुडाली, दोन चिपांचे पैसे पगारातून गेले. नोकरी राहिली.

खालिद बिन अल वलीद रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून चिपा बदलून आणल्या. ज्यांनी कामाच्या फाइली सर्व्हरवर ठेवल्या होत्या त्यांचं काही गेलं नाही. ज्यांनी स्वतःच्या डिस्कवर ठेवल्या होत्या त्यांचं बरंच गेलं. मग आम्ही जानेवारीत करायला हवा होता तो तपास केला. सर्व्हर सकाळीच का दमत होता? तर टेपवरचा बॅकअप आणि अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी, दोन्ही आम्हीच रात्री बाराला लावून ठेवलेली! बॅकअप एकेक फाइल उघडणार, ती उघडली म्हणून पहारेकरी ती तपासणार, आणि त्याच वेळी त्याची स्वतःची फेरीही चालू. दोघं एकमेकांच्या पायात पाय घालून सकाळी दहापर्यंत झुंजत. तपासणी शुक्रवारी नेली आणि अर्धं दुखणं तिथंच संपलं.

उरलेलं अर्धं हिशेबाच्या डेटा फाइलींचं होतं. दिवसभर शेकडो वेळा त्या उघडमीट होतात आणि दरवेळी तपासल्या जातात. तेवढ्याच फाइली, तेवढ्याच फोल्डरपुरत्या वगळल्या. कॉम्प्युटरवर चालवायचे प्रोग्राम मात्र एकही वगळायचा नाही. 'कॉमन'मध्ये कुणीही प्रोग्राम ठेवू नये, ठेवलाच तर आधी तपासून, असा नियम केला, आणि तो आम्हालाही लागू. १९ कॉम्प्युटरांवर अँटिव्हायरस आला. चोरांची यादी दर आठवड्याला मोडेमवरून उतरवू लागलो. पहारेकरी जागा आहे की नाही हे बघायला आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल मिळते. ती महिन्यातून एकदा मुद्दाम आत टाकून बघायची. त्यानं आरडाओरडा केला नाही तर समजावं, तो झोपलाय किंवा कुणीतरी त्याला झोपवलाय.

आणि एक वही केली. काय वगळलं, का वगळलं, कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखेला, आणि पुन्हा कधी बघायचं. पहिल्या पानावर आमची चूक आमच्याच अक्षरात आहे. पुढे नोकऱ्या बदलल्या, वही बरोबर आली.

आज सर्व्हर कुठल्या देशात आहे तेही ठाऊक नसतं, पण वहीची गरज काही संपलेली नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरला तो विंडोजच्या फाइल वाटपाच्या वाटेतल्या भगदाडातून. ते बुजवण्याचं सामान मार्चमध्येच येऊन पडलं होतं, अनेकांनी लावलं नव्हतं. आणि १९ जुलै २०२४ ला पहारेकऱ्याच्याच सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर कोलमडले. म्हणजे पहारेकऱ्यावर डोळे मिटून विसंबायचं नाही आणि घोरतो म्हणून त्याला हाकलायचंही नाही. घोरतो का, ते आधी विचारायचं. मुलांनी खेळ डाउनलोड केला आणि 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना आली, तर घरातल्या मोठ्यांनी आमची आठवण काढावी.

तो मुलगा २००४ साली दुसरी नोकरी धरून शारजाला गेला. निरोपाच्या जेवणाला आम्ही हिय्या करून म्हणालो, "अरे, त्या सोमवारी रात्री मी तुझं नाव सांगण्याच्या बेतात होतो." तो भात कालवत हसला. "काका, सीडी तुमची होती ते मला माहीत होतं. पहिला खेळ मीच उघडला होता ना. मॅनेजर संध्याकाळी मलाही विचारायला आले होते. मी सांगितलं, मला ठाऊक नाही."

सौ.नं त्याला आणखी भात वाढला. आम्ही मात्र बराच वेळ पानातच बघत बसलो होतो.