सही करण्याआधी

गेल्या डिसेंबरात माझ्या थोरल्या मुलीने एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, इथे सही कर." मी स्वयंपाक करीत होते. वाटले, कॉलेजच्या फीचा कागद असेल. हात पुसून वाचला तर तो पालकांच्या संमतीचा कागद होता. आमची अकरावीतली मुलगी दोरीला बांधून कड्यावर चढायला जाणार होती. प्रस्तरारोहण म्हणतात त्याला.

मी कागद घडी घालून डब्याखाली ठेवला. "तुझ्या पप्पांना येऊ दे," म्हटले.

पप्पा आले, दीरही आले. घरात सभा भरली. दीर म्हणाले, "वहिनी, हे खात्यापित्या घरचे चाळे. आपल्या पोरींनी शिकावं, नोकरी धरावी. हातपाय मोडून घेतले तर कोण बघणार?" त्यांचे चुकले असे मला तेव्हा वाटले नाही. आमच्या घरात हात मोडला तर पगार मोडतो. मी गारमेंटच्या कारखान्यात मशीनवर बसते. एक बोट सुईखाली आले तर आठवडा घरी बसावे लागते, हे मला ठाऊक आहे.

मुलगी मात्र मागे हटेना. तिने मलावत पूर्णावरचा सिनेमा पाहिला होता. वाचकांपैकी अनेकांना हे नाव माहीत असेल. पूर्णा ही निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची, शेतमजूर आईवडिलांची आदिवासी मुलगी. समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत ती शिकत होती. २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षे पुरी व्हायच्या आत, ती एव्हरेस्टवर पोहोचली. तिच्याबरोबर तशाच शाळेतला खम्ममकडचा आनंद कुमार हा दलित मुलगाही होता. सोबत बाबासाहेबांचे छायाचित्र नेले होते. माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, ती काय पहिल्याच दिवशी एव्हरेस्टवर गेली? आधी भोनगीरच्या खडकावर शिकली. मी पण खडकावरच जातेय ना?"

यावर मला उत्तर सुचले नाही. म्हणून मी तिच्या सरांना फोन केला. मनात होते की चार प्रश्न विचारायचे आणि नाही म्हणायचे. सर शांतपणे म्हणाले, "ताई, सही करूच नका. रविवारी नवशिक्यांसाठी एक दिवसाचा वर्ग आहे, त्याला स्वतः या. सगळं डोळ्यांनी बघा, मग ठरवा."

अशा रीतीने, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जानेवारीतल्या एका रविवारी मी मुलीबरोबर पहाटेची लोकल पकडून मुंब्र्याला उतरले. अंगात पंजाबी ड्रेस, पायात मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट. सरांनी आधीच बजावले होते की अत्तर, गजरा, सेंट काही नको. कड्यावर मधमाश्यांची पोळी असतात आणि वासाने माश्या चवताळतात. बांगड्या आणि अंगठीही घरीच काढून ठेवायला सांगितले होते. अंगठी खडकाच्या फटीत अडकली आणि अंगाचा भार खाली आला तर बोटाची कातडी सोलून निघते. बांगड्या काढताना सासूबाई बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे न बोलणे मला स्टेशनापर्यंत ऐकू येत होते.

मुंब्र्याचा डोंगर लोकलमधून जन्मभर पाहिला होता. त्याच्या पायथ्याशी उभी राहिले तेव्हा तो दुसराच वाटला. काळा कातळ, तोही सरळ उभा. सह्याद्रीचा हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, असे सरांनी सांगितले. मी मान वर करून बघितले. आम्हाला चढायचा होता तो टप्पा तीस-पस्तीस फुटांचा, म्हणजे आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याएवढा.

दगड पाहून मला माझ्या मायची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळात ती बीड जिल्ह्यात सरकारी कामावर खडी फोडायला जायची. थोरला भाऊ तेव्हा अंगावर पीत होता, त्याला झाडाच्या सावलीला निजवून ती दिवसभर हातोडा चालवी. सुकडी आणि लाल मिलोची भाकर यांवर त्यांनी ते वर्ष काढले. त्यानंतर ते मुंबईला आले. आमच्या घराण्याचे आणि दगडाचे नाते ते असे. आणि मी मात्र रविवारची सुट्टी मोडून, पदरचे पैसे घालून, दगडावर चढायला आले होते. मला जरा लाजच वाटली.

आम्ही चौदा जण होतो. गोल करून प्रत्येकाने ओळख करून दिली. माझ्या शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. बँकेत नोकरीला, बोलायला गोड. ओळख संपल्यावर त्यांनी हळूच विचारले, "तुमचं मूळ गाव कुठलं? आडनाव नीट ऐकू आलं नाही." आपल्या लोकांना हा प्रश्न कोणत्या दिशेने येतो हे कळते. मी आडनाव सांगितले आणि वर म्हटले, "आम्ही बौद्ध." त्या "अच्छा, अच्छा" म्हणाल्या आणि बुटाची नाडी बांधू लागल्या. त्यात वाईट काही नव्हते. पण माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, म्हणून मी ताठ उभी राहिले.

मग सरांनी सामान मांडले. पहिल्यांदा हार्नेस दाखवला. कमरेला आणि दोन्ही मांड्यांना बसणारा हा पट्टा, चढणाऱ्याचे सगळे वजन त्यावर येते. मी तो उलटापालटा करून शिलाई तपासली. आमच्या कारखान्यात खिशाच्या टोकाला, बेल्टच्या लूपला बारटॅक मारतात, म्हणजे एकाच जागी दाट टाके. हार्नेसला भाराच्या प्रत्येक जागी तसे बारटॅक होते आणि दोरा पट्ट्याच्या रंगाहून वेगळा होता. मी म्हटले, "दोरा वेगळा आहे तो टाका तुटला तर लगेच दिसावा म्हणून का?" सर हसले. म्हणाले, "ताई, हे पहिल्याच दिवशी कोणी विचारत नाही." मला बरे वाटले. आपला धंदा कुठेही कामाला येतो.

दोरी नायलॉनची, आत गाभा आणि बाहेर विणलेले कवच. चढण्याची दोरी थोडी ताणली जाते, म्हणून घसरलेल्या माणसाला हिसका कमी बसतो. कॅराबिनर म्हणजे दार असलेली धातूची कडी. ती लांबीच्या दिशेने किमान वीस किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन भार सोसेल अशी असावी लागते. दार मिटून त्याचे मळसूत्र फिरवून बंद करायचे. वर कड्याच्या माथ्यावर दोरी एकाच जागी अडकवलेली नव्हती. वेगवेगळ्या आधारांना बांधून मग एकत्र आणली होती, म्हणजे एक आधार निसटला तरी बाकीचे धरून ठेवतील.

मग आठाच्या आकड्याची गाठ. ती प्रत्येकाने दहा-दहा वेळा बांधली. आणि त्यानंतर सरांनी जे सांगितले ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटले. चढणाऱ्याने खाली दोरी धरणाऱ्याचे सामान तपासायचे आणि दोरी धरणाऱ्याने चढणाऱ्याची गाठ तपासायची. दर वेळी, न चुकता. सर म्हणाले, "मी इतकी वर्षं चढतोय, तरी माझी गाठ दुसऱ्याकडून तपासून घेतो. मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. हात लावून बघा." कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नये, पारखून घ्यावे, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. इथे ती जीव राखण्याच्या कामाला लागली होती.

माझा नंबर आला. दोरीचे एक टोक माझ्या कमरेला, ती वर माथ्यावरून फिरून खाली सरांच्या हातात. सरांच्या मागे दोरीचे शेपूट धरायला एक जण हवा होता. सरांनी त्या बँकेतल्या बाईंना बोलावले. त्यांनी माझी गाठ तपासली, बोट फिरवून मोजली. मी त्यांची पकड तपासली. आमच्यात दुसरे बोलणे झाले नाही.

चढताना नियम सोपा असतो. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी खडकावर, एकच हलवायचा. हाताने अंग ओढायचे नाही, पायावर उभे राहायचे. पहिले दहा फूट ठीक गेले. मग एक जागा आली, तिथे डावा पाय बोटभर खाचेत आणि उजव्या हाताला काहीच सापडेना. मी खाली पाहिले. पाहायला नको होते. डावा पाय एकाएकी थरथरू लागला. थांबवू म्हटले तर जास्तच. तोंडातून "माय गं" निघाले.

खालून सरांचा आवाज आला, "ताई, घाबरू नका, याला आम्ही शिलाई मशीन म्हणतो! सगळ्यांचं होतं."

त्या अवस्थेतही मला हसू आले. सर पुढे म्हणाले, "टाच खाली करा." आता कारखान्याचे मशीन थांबवायला आम्ही दिवसभर तेच करतो. पायपट्टीवर टाच दाबली की मशीन थांबते. मी टाच खाली केली, थरथर कमी झाली. मग विहारात शिबिरात शिकवलेला श्वास आठवला. आत येतो, बाहेर जातो, तेवढेच बघायचे. चार-पाच श्वास झाले. उजव्या बाजूला, डोक्याच्या जरा वर, एक कपार होती. ती मघापासून तिथेच होती, भीतीने दिसत नव्हती.

पण पहिल्या खेपेला मी वर पोहोचले नाही. कपारीपर्यंत हात गेला आणि पाय सुटला. पडले म्हणावे तर जेमतेम हातभर खाली आले. दोरी ताठ झाली आणि मी हवेत लोंबकळत राहिले. खाली बघितले तर सरांच्या मागे त्या बाई दोरी पोटाशी धरून, पाय रोवून उभ्या होत्या. चेहरा लालबुंद. त्यांच्या मनात माझ्या आडनावाबद्दल काय होते हे मला आजही माहीत नाही. पण दोरी त्यांनी सोडली नव्हती. पुढे त्या चढल्या तेव्हा सरांच्या मागे मी उभी राहिले. त्या दोनदा घसरल्या, दोन्ही वेळा हिसका माझ्या तळहातात आला. मीही सोडली नाही.

दुपारी कातळ तापायच्या आत मी दुसऱ्यांदा चढले आणि माथ्याच्या कड्याला हात लावला. तिथून खाली रेल्वेचे रूळ आणि पलीकडे खाडी दिसत होती. काही मुले वर पोहोचल्यावर आपापल्या घोषणा देत होती. मी आधी गप्प राहिले. मग खालून माझ्या मुलीचा आवाज आला, "मम्मी, जयभीम!" मीही मोठ्याने म्हटले, "जयभीम!" डोंगराने ते परत ऐकवले.

उतरणे चढण्याहून अवघड होते. कडा सोडून मागे झुकायचे, सगळा भार दोरीवर टाकायचा आणि भिंतीला पाय लावून चालत खाली यायचे. हात सुटायला तयार होत नव्हते.

परतताना लोकलमध्ये मला कान्हेरी आठवली. वडील आम्हाला बुद्धपौर्णिमेला तिथे नेत. शंभराहून जास्त लेणी, सगळी छिन्नी-हातोड्याने कोरलेली. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली आणि तिथल्याच एका लोहाराने वाट करून दिली, अशी नोंद आहे. म्हणजे कष्टकऱ्यांचे आणि कातळाचे नाते केवळ खडी फोडण्याचे नव्हते. त्या डोंगरात ध्यान आणि शिक्षणही होते. (मुलांना मी बजावले आहे की चढाईचा सराव लेण्यांच्या भिंतींवर कधीही करायचा नाही. तो आपला वारसा आहे.)

घरी आले तेव्हा माय आलेली होती. तिने माझे हात हातात घेतले. बोटांची टोके सोललेली, नखे काळी. म्हणाली, "माझी बोटं अशीच व्हायची. पण मला दिसाची मजुरी मिळायची. तुला काय मिळालं?"

मी डब्याखालचा कागद काढला आणि तिच्यासमोर सही केली. ती म्हणाली, "बरं केलंस. जाऊ दे पोरीला." आणि मग, "हातोडा नको देऊ तिच्या हातात, दोरी दे." दीर अजून नाराज आहेत. त्यांची काळजी खोटी नाही, म्हणून मी त्यांना पुढच्या रविवारी सोबत यायला सांगितले आहे.

ज्या भगिनींपुढे असा कागद येईल त्यांना एवढेच सांगते. लगेच नाही म्हणू नका आणि डोळे मिटून होही म्हणू नका. शिकवणाऱ्याने स्वतः कुठे शिक्षण घेतले ते विचारा. दार्जिलिंगला १९५४ पासून आणि उत्तरकाशीला १९६५ पासून यासाठी सरकारमान्य संस्था आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, वरचा आधार एकाहून अधिक जागी बांधला आहे का, गाठ दोघे तपासतात का, प्रथमोपचाराची पेटी जवळ आहे का, हे बघा. पावसाळ्यात निसरड्या कातळावर पाठवू नका. आणि जमल्यास एकदा स्वतः दोरीला बांधून घ्या. आपल्या मुली कशावर पाय ठेवून उभ्या राहू पाहतात, ते खालून नीट दिसत नाही.

जयभीम.