पाणजू: रुळांखालचं गाव

सुरतहून मुंबईला जाणारी गाडी नायगाव सोडते आणि खडखडाटाचा आवाज एकदम बदलतो. जमीन संपून पूल सुरू झालेला असतो. दोन्ही बाजूंना वसईची खाडी, मग थोडी हिरवी जमीन, मग पुन्हा पूल आणि मग भाईंदर. ती जी मधली हिरवी जमीन, ते पाणजू. एक्स्प्रेस गाडीला हे सगळं ओलांडायला दोन-तीन मिनिटं लागतात. बहुतेक प्रवासी तोपर्यंत वरच्या बॅगा खाली काढायला लागलेले असतात.

माझं घर सुरतला आणि कॉलेज मुंबईत, त्यामुळे गेली तीन वर्षं मी या गावावरून किती वेळा गेले याचा हिशेब नाही. लहानपणी तर फ्लाइंग राणीच्या वरच्या मजल्यावर खिडकी मिळावी म्हणून भावाशी मारामारी व्हायची. 1979 पासून 2023 पर्यंत या गाडीला डबलडेकर डबे होते, आणि त्या उंचीवरून बेट पूर्ण दिसायचं: तिवरांची गर्द किनार, मधोमध कौलं आणि स्लॅब, एखादं देऊळ, काठाला लागलेल्या होड्या. पप्पा सांगायचे, "हे पाणजू. आजीकडे चिंबोऱ्या इथून यायच्या." आजीचं घर नायगावला. आमच्यासाठी पाणजू म्हणजे आजीच्या दारात टोपली उतरवणारी एक बाई, आणि त्या टोपलीत वळवळणारे खेकडे. एवढीच ओळख.

मागच्या दिवाळीत आमच्या सुरतच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला हाक मारली. त्यांचं टेक्सटाइल मार्केटमध्ये साड्यांचं दुकान आहे. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली जाहिरात त्यांनी मला दाखवली: मुंबईच्या दारात खासगी बेट, शांतता, हिरवाई, भविष्यात दहापट भाव. "बेटा, आ तो तमारी बाजूनुं ज गाम छे ने? जरा जोई आव ने." सुरतमध्ये जमीन हा गप्पांचा आवडता विषय. कुणाचा डुमसला प्लॉट, कुणाचा आणखी कुठे. सातबारा हा शब्द तिथेही चालतो, फक्त 'सात-बार' म्हणतात. काका माणूस चांगला आहे. आमच्याकडे नाताळचा केक पोचायला उशीर झाला तर स्वतः विचारायला येतो. म्हणून मी गेले, आणि काकांसाठी जी माहिती गोळा केली तीच इथे जरा नीट मांडते आहे. कारण पाणजूवर "जरा जाऊन बघू या का" असं आपल्या मंडळातही दोघा-तिघांनी विचारलंय.

आधी पत्ता. पाणजू हे पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्यातलं गाव. हजार-दीड हजार वस्तीचं, स्वतःची ग्रामपंचायत असलेलं. वस्ती मुख्यतः आगरी-कोळी. नायगावच्या धक्क्यावरून बोट मिळते. बोटीचं वेळापत्रक असतं, पण खरं वेळापत्रक भरती-ओहोटीचं. ओहोटीला खाडी चिखल उघडा टाकते आणि बोटीला लांबून लावावं लागतं. एका बाजूला विरार लोकल तीन-चार मिनिटांनी धडधडत जाते आणि दुसऱ्या बाजूला माणसं तिथीप्रमाणे पाण्याची वाट बघत बसतात. ही दोन घड्याळं एकाच फ्रेममध्ये बघायची असतील तर नायगावचा धक्का उत्तम जागा.

बोटीत माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं, "कोनाचे घरा चाललीस गो?"

मी म्हटलं, "कुणाच्याच नाही, गाव बघायला."

"बघाला काय हाय? रातचे ये. कोन आजारी परला का, मंग बघ."

मग त्यांनी पिशवीतून पेरू काढून मला दिला, म्हणजे राग नव्हता. पण गावाचा परिचय त्यांनी दोन वाक्यांत संपवला होता.

पाहुण्यांनी काय अपेक्षा ठेवावी? मोटारी नाहीत. म्हणजे हॉर्न नाही, आणि हे कानाला इतकं अनोळखी वाटतं की पहिली दहा मिनिटं काहीतरी बिघडल्यासारखं होतं. मग दर काही मिनिटांनी गाडीचा आवाज येतो आणि हायसं वाटतं! अरुंद वाटा, अंगणात सुकत घातलेली जाळी, जिल्हा परिषदेची शाळा, देऊळ. गावाबाहेर खाजणं, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली जमीन. या भागात पिढ्यान्‌पिढ्या भात, मीठ आणि मासे या तिन्हींवर घरं चालली. बांध फुटला की खारं पाणी शेतात घुसतं आणि मग काही वर्षं भात नाही. म्हणून बांध हे इथलं खरं कुंपण. जाहिरातीत समुद्राकडे तोंड करून खुर्ची टाकलेली असते. इथे पाण्याकडे तोंड करून बांध बघावा लागतो.

तिवरांत ओहोटीला निवट्या टणाटण उड्या मारताना दिसतात. खेकड्यांची बिळं, बगळे, चिखलाचा तो विशिष्ट वास. हॉटेल, रिसॉर्ट, 'सनसेट पॉइंट' असं काही मला दिसलं नाही. पाणी आणि डबा सोबत न्या, आणि कचरा परतही सोबतच आणा. कचऱ्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

त्याआधी रेल्वे. ही लोहमार्गाची गोष्ट आमच्या सुरतपासूनच सुरू होते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया या कंपनीने पहिला तुकडा सुरू केला तो तापीच्या पलीकडच्या उत्राणपासून अंकलेश्वरपर्यंत, फेब्रुवारी 1860 मध्ये. तिथून रूळ दक्षिणेला सरकत नोव्हेंबर 1864 मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचले. वाटेत खाड्या आडव्या आल्या आणि पाणजू बेट आयतंच मधल्या पायरीसारखं सापडलं. आज बेटाच्या दोन बाजूंना 73 आणि 75 क्रमांकाचे पूल आहेत. जुने पूल निवृत्त होऊन नवे आले. रूळ वाढले, गाड्या वाढल्या. एकशे साठ वर्षं उलटली, पण पाणजूला स्टेशन नाही. गावाच्या अंगावरून रोज लाखो माणसं जातात आणि गावातल्या माणसाला त्यातल्या एकाही गाडीत चढायचं असेल तर आधी बोटीने नायगावला जावं लागतं.

किंवा चालत. बोट चुकली, बंद असली, रात्र झाली, तर माणसं रेल्वे पुलाच्या कडेने, कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या अरुंद वाटेने चालतात. कॉलेजची मुलं, कामावरून परतणाऱ्या बायका, डोक्यावर ओझं असलेली माणसं. सुरतहून येताना सफाळे आणि वैतरणा या स्टेशनांच्या मध्ये असंच वाढीव नावाचं बेटावरचं गाव लागतं. तिथल्या लोकांचीही वाट 92 आणि 93 क्रमांकाच्या पुलांवरूनच. म्हणजे माझ्या एका प्रवासात अशी दोन गावं माझ्या सीटखालून जातात.

आणि आता कचरा. पूल आला की डब्यात हालचाल होते, हे तुम्हीही पाहिलं असेल. कुणी नाणं टाकतं. कुणी निर्माल्याची पिशवी काढतं: फुलं, उदबत्तीची राख, कधी नारळ. खाडी म्हणजे पवित्र पाणी, त्यात सोडलं की कर्तव्य पूर्ण. पण पिशवी नेहमी पाण्यात पडत नाही. वेगातल्या गाडीतून फेकलेला नारळ पुलाच्या कडेने चालणाऱ्या माणसाला लागला तर तो दगडापेक्षा वाईट. असे मार पाणजूच्या लोकांनी वर्षानुवर्षं खाल्लेत. 2025 च्या सप्टेंबरमध्ये तर गावातल्या एका तरुणाचा अशाच फेकलेल्या नारळाने जीव गेला. बोट नव्हती म्हणून चालत निघालेला माणूस. फेकणाऱ्याला कदाचित अजूनही माहीत नसेल. तो त्या दिवशी घरी गेला असेल, जेवला असेल, देवाचं काम झालं म्हणून समाधानाने झोपला असेल. मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात भयंकर वाटतं, की यात कुणी दुष्ट नाही. फक्त खाली कुणी राहतं हे वर कुणाला माहीत नाही.

बेटावरून परत आल्यानंतरच्या एका प्रवासात समोरच्या सीटवर वापीला चढलेले एक आजोबा होते. नायगाव गेलं तसे ते पिशवी घेऊन दाराकडे निघाले. मी म्हटलं, "दादा, नीचे माणसो चाले छे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आ तो खाडी छे, बेटा." मी म्हटलं, "खाडीमां गाम छे." ते दारापर्यंत गेले, वाकून बघितलं. पुलाच्या कडेला खरंच दोन माणसं चालत होती, एकाच्या डोक्यावर गोणी. आजोबा परत येऊन बसले. बोरिवलीला उतरेपर्यंत पिशवी मांडीवर धरून होते. काही बोलले नाहीत. आमचं धर्मशास्त्र अर्थातच वेगवेगळं. पण शेजाऱ्यावर प्रीती करा हे ऐकत मी मोठी झाले, आणि शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा असंच धरून चालले होते. शेजारी पायाखालीही असू शकतो.

आता काकांचा प्रश्न: जमीन घ्यावी का?

कायद्याचं आधी. महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकत घेता येते. साडीचं दुकान कितीही मोठं असलं तरी ते शेत होत नाही. शिवाय इथे चहूबाजूंनी किनारपट्टी नियमन क्षेत्राचे म्हणजे सीआरझेडचे नियम आहेत. कांदळवनं तोडायला आणि त्यांच्यापासून पन्नास मीटरच्या आत बांधकाम करायला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये मनाई केली, आणि 2018 मध्ये ती कायम केली. बेटाची किनार तर तिवरांचीच. तेव्हा जाहिरातीतला 'वॉटरफ्रंट व्ह्यू' म्हणजे नेमकी तीच जागा जिथे वीट ठेवता येत नाही. वर या भागातल्या सातबाऱ्यांवर पणजोबापासूनच्या वारसांची रांग. त्यातल्या एकाने सही केली म्हणजे जमीन विकली असं होत नाही. कुणी टोकन मागितलं तर आधी तलाठ्याकडे जा.

पण समजा, सगळे कागद स्वच्छ असते. तरी?

इथे मी अडकते, आणि प्रामाणिकपणे अडकते. भाईंदर–नायगाव असा रस्त्याचा पूल व्हावा ही चर्चा मी शाळेत असल्यापासून चालू आहे. 2024 मध्ये वसई–भाईंदर रो-रो बोट सुरू झाली, मोटारी खाडी ओलांडायला लागल्या. पाणजूला पूल हवाच. त्या मावशींच्या 'रातचे ये' या वाक्यापुढे कुठलाही निसर्गप्रेमी युक्तिवाद टिकत नाही. बाळंतीण भरतीची वाट बघत बसू शकत नाही. पण ज्या पुलावरून रुग्णवाहिका येईल, त्याच पुलावरून आमचे काकाही येतील. त्यांच्यामागे त्यांचे मित्र.

वसईने हे एकदा बघितलंय. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची नजर केळीच्या बागांवर गेली, तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली. पुढे, 2020 मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या पुढे होते. आपल्या अभ्यासक्रमात ते लेखक म्हणून भेटतात. आजीच्या बोलण्यात ते मोर्चात चालणारे फादर म्हणून येतात. चळवळीने काही वाचलं, काही गेलं. स्टेशनच्या बाजूची वसई आज बघितली तर काय गेलं ते कळतं. गावकऱ्यांनी जमिनी विकल्या म्हणून आपण नाक मुरडतो, पण विहिरी खाऱ्या झाल्यावर आणि मुलं बँकेत लागल्यावर वाडी राखायची कुणी, हा प्रश्न आजीनेही विचारला होता. तिचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

म्हणून काकांना मी एवढंच सांगितलं: कायद्याने मिळणार नाही, आणि मिळाली तरी आधी एक रात्र तिथे राहून बघा, ओहोटीची. त्यांनी विचारलं, "एटली तकलीफ छे तो लोको त्यां केम रहे छे?" एवढा त्रास आहे तर लोक तिथे राहतात कशाला? मी म्हटलं, "कारण ते त्यांचं गाव आहे." आमच्या सोसायटीत हे उत्तर गुजरातीत सांगायला फार सोपं होतं. काकांचं स्वतःचं गाव सौराष्ट्रात आहे, पाण्यावाचून कोरडं, आणि तिथलं घर त्यांनी अजून विकलेलं नाही.

पाणजूला जरूर जा. आधी परतीची शेवटची बोट विचारून ठेवा, बांधावरून चालताना शेतात उतरू नका, आणि पेरू मिळाला तर नाही म्हणू नका. आणि कधी जाणं जमलं नाही तरी निदान नायगाव गेल्यावर बॅग काढायची घाई करू नका. दोन-तीन मिनिटं आहेत. खिडकीतून खाली बघा. हातात काही फेकायचं असेल तर ते हातातच राहू द्या.