संदकफूच्या म्हाताऱ्या गाड्या

दार्जिलिंगला जाणाऱ्या मराठी मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहाटे तीनला उठून, असतील नसतील तेवढे लोकरीचे कपडे अंगावर चढवून टायगर हिलवर कुडकुडत उभे राहायचे. ढगांनी दगा दिला नाही तर कांचनगंगेवरचे कोवळे ऊन पाहायचे. मग छोट्या आगगाडीने घूमपर्यंत फेरी मारायची, चहाची पुडकी बांधून घ्यायची आणि गंगटोकची वाट धरायची. यात वावगे काहीच नाही. पण दार्जिलिंगपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर मानेभंजन नावाचे एक लहानसे गाव आहे. तिकडे पाठीवर बोचकी मारलेली तरुण मुले सोडली तर आपल्यातले फारसे कोणी वळत नाही. तेथून संदकफूला जाता येते आणि आमच्यासारख्या उतरत्या वयाच्या माणसांना मोटारीने जाता येते, असे कळल्यावर आम्ही उभयतांनी बेत नक्की केला.

संदकफू हे पश्चिम बंगालमधले सर्वांत उंच ठिकाण. उंची ३,६३६ मीटर, म्हणजे जवळजवळ बारा हजार फूट. आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी संदकफू हजारएक फुटांनी वर उरते! मानेभंजनहून तेथवरची वाट एकतीस-बत्तीस किलोमीटरची. आणि या वाटेवर गेली कित्येक दशके धावत आहेत त्या १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर गाड्या.

मानेभंजनच्या रस्त्याची गंमत अशी, की त्याच्या एका बाजूला भारत आणि दुसऱ्या बाजूला नेपाळ. या आंतरराष्ट्रीय रस्त्यावर गाड्या ओळीने उभ्या होत्या. चौकोनी तोंड, सपाट कपाळ, दोन गोल डोळे. काहींचे रंग इतक्या वेळा बदललेले, की मूळचा कोणता हे देवालाच ठाऊक. आमच्या वाट्याला आलेल्या गाडीची माहिती विचारली तेव्हा चालक म्हणाला, "१९५४ची." आमच्या सौभाग्यवतींनी तिला एक प्रदक्षिणा घातली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "अहो, ही आपल्या दोघांहूनही मोठी आहे. वर पोचेल ना?"

प्रश्न रास्त होता. साठीनंतर माणूससुद्धा डोंगर चढताना डॉक्टरांना विचारतो. मग सत्तरी ओलांडलेल्या यंत्रावर भरवसा ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

या गाडीचे कूळ मोठे आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे मुख्य तंत्रज्ञ मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसी बेटावरच्या शेतावर लष्कराची एक जुनी विलिस जीप वापरीत. ती झिजली, तर तिच्या जागी दुसरे काय आणायचे? या विवंचनेतून १९४७ साली त्यांनी स्वतःच अशी गाडी बांधायचे ठरवले. पहिला नमुना तर जीपच्याच सांगाड्यावर उभा राहिला. ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. इंजिन १,५९५ सीसीचे, पेट्रोलचे, ताकद जेमतेम पन्नास अश्वशक्ती. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून वरचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. टंचाईतला हा तोडगा पुढे वरदान ठरला, कारण ते अंग पोलादी पत्र्यासारखे गंजत नाही. अशा गाड्या चहामळ्यांवरच्या साहेबांनी दार्जिलिंगच्या डोंगरात आणल्या आणि त्यांच्यामागून त्या इथल्या लोकांच्या हाती आल्या, असे इकडे सांगतात.

आता खरी गोष्ट. चालकाने, ज्याला आम्ही इथल्या रीतीप्रमाणे 'दाजू' म्हणजे थोरला भाऊ म्हणू लागलो होतो, बॉनेट उघडले, तेव्हा आत लँड रोव्हरचे इंजिन नव्हतेच. आत होते महिंद्र जीपचे डिझेल इंजिन! इथल्या बहुतेक गाड्यांची हीच कथा. मूळच्या पेट्रोल इंजिनाची तहान परवडेना आणि त्याचे सुटे भाग मिळेनात. महिंद्रची इंजिने मात्र खाली सिलिगुडीत मिळत आणि ती दुरुस्त करणारे मिस्त्रीही गावोगाव. झाले, म्हातारीच्या छातीत नवे काळीज बसले.

मला या योगायोगाची मोठी मौज वाटली. लँड रोव्हर जन्मली ती विलिस जीप पाहून. तीच जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्र कंपनी जुळवू लागली. तिच्या वंशातले इंजिन आज लँड रोव्हरच्या पोटात चालते आहे. आणि २००८ साली लँड रोव्हर हा सारा कारभारच टाटा मोटर्सने विकत घेतला, म्हणजे मालकही मुंबईचा. हे दाजूला सांगितल्यावर तो हसून म्हणाला, "मग सर, मुंबईला गेल्यावर मालकांना सांगा, आम्हाला मागच्या धुरीचे सामान मिळत नाही!"

"पण मूळचे इंजिन काढले, मग ही गाडी अस्सल कशी?" मी विचारले.

"सर, अस्सल ठेवली असती तर ती आज अंगणात उभी असती आणि आत कोंबड्या असत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे होते साताला, पण दाजू सहालाच गाडीशी हजर. त्याने प्रथम गाडीखाली वाकून जमीन पाहिली. रात्रभरात कुठे थेंब पडला आहे का आणि पडला असेल तर कशाचा? काळा म्हणजे इंजिनाचे ऑइल, गाडीच्या मागच्या भागाखाली जाड आणि उग्र वासाचा म्हणजे धुरीचे, पाणी म्हणजे रेडिएटर. मग डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पाहिली. पट्टीवरच्या खुणेखाली ऑइल चालायचे नाही, असे तो म्हणाला. सपाट रस्त्यावर थोडे कमी असले तरी निभावते. चढावर गाडी नाक वर करते, ऑइल एका बाजूला कलते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंगे कोरडी चालतात. "दोन मिनिटे कोरडे चालले की सहा महिन्यांची कमाई गेली." पंख्याचा पट्टा त्याने अंगठ्याने दाबून पाहिला. ब्रेकचे तेल पाहिले. पाट्यांना हातोडीने टक टक केली. त्या आवाजावरून चीर कळते म्हणे, कुंभाराच्या मडक्यासारखी. हे सारे त्याने पूजेच्या शांतपणाने केले आणि मगच किल्ली फिरवली.

चित्रेपर्यंतचा पहिलाच चढ असा, की सौभाग्यवतींनी रामरक्षा सुरू केली. वळणे इतकी जवळजवळ की मागचे चाक एका वळणावर आणि पुढचे दुसऱ्यावर. दाजूने छोटी दांडी ओढून गाडी लो गियरमध्ये घातली. या गियरमध्ये इंजिन भराभर फिरते आणि चाके सावकाश. वेग माणसाच्या चालीचा, पण ओढ बैलाची. त्याने एकदाही इंजिनाला ओरडायला लावले नाही.

वर जावे तशी हवा विरळ होते, हे आपल्याला दम लागला की कळते. इंजिनालाही तसाच दम लागतो. संदकफूच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशांहूनही थोडा कमी असतो, म्हणजे साध्या इंजिनाची सुमारे एक तृतीयांश ताकद वाटेतच गळते. पंप डिझेल तेवढेच सोडतो, पण ते जाळायला हवा पुरत नाही. म्हणून मागून काळा धूर निघतो. त्यातच पाणी तिथे १०० अंशांवर नव्हे, तर ८८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण घट्ट दाब धरणारे नसेल, तर चढावर पाणी उकळून बाहेर आलेच समजा. दाजू टुमलिंगला थांबला तेव्हा त्याने इंजिन लगेच बंद केले नाही. थोडा वेळ नुसते चालू ठेवले, पंख्याची हवा लागू दिली. झाकणाला तर हातच लावला नाही. "गरम इंजिनात थंड पाणी ओतले की ब्लॉकला तडा जातो. घाम आलेल्या माणसाला आम्ही गार पाणी देत नाही, तसेच."

टुमलिंगनंतर रस्ता गैरीबासकडे बराच खाली उतरतो. उतारावर दाजूने ब्रेकवर पाय असा ठेवलाच नाही. खालच्या गियरमध्ये इंजिनालाच गाडी रोखू दिली. उतारावर गियर काढून गाडी सोडणारे महाभाग आपल्याकडच्या घाटांत खूप आहेत. त्यांना डिझेल वाचल्याचे समाधान मिळते. ब्रेक तापून निकामी झाल्यावर बाकी काही वाचत नाही.

गैरीबासपासून पुन्हा चढ. कालीपोखरीला एक काळेशार तळे आहे, भोवती रंगीत पताका. तेथे आमच्या गाडीतून तांदळाची पोती आणि गॅसचे सिलिंडर उतरले. तेव्हा कुठे लक्षात आले, की आम्ही प्रवासी म्हणजे या गाडीचे वरकड ओझे. तिचे खरे काम हे. वाटेवरच्या वस्त्यांना लागणारा दाणागोटा तीच वर नेते आणि आजारी माणसाला तीच खाली आणते. दोन वर्षांपूर्वी एका अडलेल्या बाळंतिणीला याच गाडीतून भर रात्री धुक्यात खाली आणल्याचे दाजूने सांगितले. "त्या रात्री पट्टा तुटला असता तर?" सौभाग्यवतींनी विचारले. तो म्हणाला, "दिदी, म्हणून तर तो सकाळी पाहायचा."

शेवटचे काही किलोमीटर सर्वांत उभे. गाडी धापा टाकीत, काळा धूर सोडीत, पण न थांबता वर पोचली. रात्री पाणी गोठेल अशी थंडी. रेडिएटरमध्ये न गोठणारे द्रावण होतेच, तरी दाजूने गाडी मुद्दाम उताराच्या तोंडाशी, चाकाला दगड लावून उभी केली. थंडीत डिझेल घट्ट होते, बॅटरी मलूल होते. सकाळी किल्लीने नाहीच ऐकले तर उतारावर ढकलून चालू करता यावी म्हणून. पहाटे कांचनगंगेची रांग निजलेल्या बुद्धासारखी समोर आडवी पसरली होती. पलीकडे एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार एका जागी उभे राहून पाहिली. त्याचे वर्णन माझ्या लेखणीला झेपणारे नाही.

आता थोडे घरगुती. हल्ली आपल्याकडे घरटी एखादा भाचा-पुतण्या असतो, ज्याला जुनी जीप घेऊन सह्याद्रीत हिंडायचे असते. त्याला विरोध करू नका. मात्र रंग पाहून पैसे देऊ देऊ नका. गाडी पाहायला जाल ती इंजिन थंड असताना पाहा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर त्याला काही लपवायचे आहे असे समजा. चालू होताच निळा धूर आणि तो थांबेचना, तर रिंगा झिजून ऑइल जळते आहे. तापल्यावरही पांढरा धूर, तर पाणी आत शिरते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संशय घ्या. चालू इंजिनाचे ते झाकण काढल्यावर भात्यासारखी वाफ उसळली, तर इंजिन पुन्हा बांधण्याचा खर्च किमतीत धरा. वाकून चासी पाहा. अ‍ॅल्युमिनियमचे अंग चकचकीत असूनही खालचा पोलादी सांगाडा पोखरलेला असतो. लो गियर आणि चारही चाकांची ओढ प्रत्यक्ष लावून पाहा. आणि इंजिन बदललेले असेल, तर नवा क्रमांक आर.टी.ओ.च्या कागदावर चढला आहे का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. एवढे करून गाडी घेतलीत, तर दर सकाळी पाच मिनिटे तिच्यासाठी राखून ठेवा. ज्याला ती पाच मिनिटे देणे जमणार नाही, त्याने जुनी गाडी घेऊच नये.

परतताना दाजू थोडा गप्प होता. वाटेचा बराच भाग आता सिमेंटचा झाला आहे; बोलेरोसारख्या नव्या गाड्या येऊ लागल्या आहेत. त्या गरम असतात, मऊ असतात, प्रवाशांना आवडतात. दाजूचा मुलगा सिलिगुडीला गाडी चालवतो. त्याचे म्हणणे, म्हातारी विकून टाका आणि हप्त्यावर नवी घ्या. दाजूच्या इंजिनाचे काम तर निघालेच होते. पावसाळ्यात सिंगालिला राष्ट्रीय उद्यान तीन महिने बंद असते. त्या मुदतीत साठवलेले पैसे इंजिनात घालायचे की नव्या गाडीच्या पहिल्या हप्त्यात, हा त्याच्यापुढचा प्रश्न. "नवी बिघडली तर तिला कॉम्प्युटर लावतात," तो म्हणाला. "कॉम्प्युटर सिलिगुडीला. बाळंतीण इथे." पण मुलाचे चुकते असेही त्याला म्हणवेना. आम्हालाही कोणता सल्ला द्यावा ते कळले नाही. आम्ही आपले भाडे देऊन, त्याचा फोन नंबर घेऊन निघालो.

या पावसाळ्याच्या अखेरीस त्याने फोनवर एक छायाचित्र पाठवले. गोणपाटावर सुटे केलेले इंजिन, शेजारी नव्या रिंगांची पाकिटे, आणि कोपरापर्यंत तेलाने माखलेला एक तरुण मुलगा. खाली हिंदीत एवढेच लिहिले होते : इंजिन बांधतो आहोत. पोरगा दोन महिन्यांची रजा घेऊन आला आहे. पुढचे पुढे पाहू.