उतारा द्यावा, वही देऊ नये

महाभूलेख या जमीन नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर पुणे विभाग निवडायचा, मग जिल्हा पुणे, तालुका मुळशी, मग गाव. गट नंबर, मोबाइल क्रमांक आणि तो वेडावाकडा कॅप्चा टाकला की सातबारा समोर येतो. लॉगिन नाही, पैसे नाहीत. फक्त तो पाहण्यापुरता असतो, कायदेशीर कामाला चालत नाही. बँकेत द्यायचा असेल तर डिजिटल सातबाराच्या वेगळ्या दारावर जावे लागते. तिथे लॉगिन करावे लागते, एका उताऱ्याचे १५ रुपये पडतात आणि हातात येतो तो डिजिटल स्वाक्षरीचा कागद. ही सोय २०१८पासून आहे. या दोन दारांमागे कोणी संगणकशास्त्राचा किती विचार केला असेल देव जाणे, पण आम्हा प्रोग्रॅमर मंडळींना चालत्या अ‍ॅप्लिकेशनला मजकुराचे पोर्टल जोडताना जे समजायला हवे, ते बरेचसे इथेच मांडून ठेवले आहे. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, त्यामुळे धडा गिरवायला लांब जायला नको.

काम साधारण असे असते. समजा, पौड भागातल्या भात उत्पादकांच्या एखाद्या संस्थेचे अ‍ॅप्लिकेशन आहे. कोणी किती इंद्रायणी भात घातला, किती रक्कम जमा झाली, किती येणे बाकी, हे सभासद त्यात पाहतात. आता संस्थेला वाटते की लेखांचे, व्हिडिओंचे, करप्यावरच्या सल्ल्याचे एक दालन असावे. मागणी एका वाक्यात येते: ‘लॉगिन मात्र तेच ठेवा, लोकांना दोनदा पासवर्ड टाकायला लावू नका.’ मजकुरासाठी तयार प्रणाली घेतली जाते, वर्डप्रेस किंवा तत्सम, आणि तिची स्वतःची वापरकर्त्यांची यादी असते. इथे पहिला मोह होतो तो जुन्या अ‍ॅप्लिकेशनमधली यादी उचलून नव्या पोर्टलमध्ये ओतण्याचा, आणि रोज रात्री दोन्ही याद्या जुळवून घेण्याचा. दुसरा मोह याहून वाईट. तो म्हणजे पोर्टलला थेट जुन्याच डेटाबेसची किल्ली देऊन टाकण्याचा. माझे म्हणणे एवढेच आहे की पोर्टलला नोंदवही द्यायची नसते, तिच्यातला उतारा द्यायचा असतो, आणि तोही जेवढ्यास तेवढा.

महसूल खात्यात हा फरक मुरलेला आहे. सातबारावरचे नाव कोणी उठून बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत सरते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, तेव्हा कुठे नवे नाव चढते आणि त्याच्याशेजारी फेरफार क्रमांक बसतो. बदलाची वही एक, आणि तिच्यातून निघणारे कागद हवे तेवढे. आता दोन याद्यांचे काय होते ते पाहा. सभासदाने जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये मोबाइल बदलला, पोर्टलमध्ये राहिला. संस्थेने एकाचे सभासदत्व काढले, पण तो पोर्टलवर रात्रीपर्यंत सभासदच, आणि त्या रात्री जुळवणीचे काम अडकले तर पुढचे दोन दिवसही. कोणती यादी खरी, याचे उत्तर देणारा फेरफार कुठेच नाही. रात्रीची जुळवणी म्हणजे एकाच गावच्या दोन वह्या दोन टेबलांवर ठेवून सकाळी त्या सारख्याच असतील असे धरून चालणे.

स्वाक्षरीच्या उताऱ्याची संगणकी जुळी बहीण तयारच आहे. २०१४ साली पक्के झालेले ओपनआयडी कनेक्ट नेमके हेच करते. सभासद पोर्टलवर येतो, पोर्टल त्याला जुन्या अ‍ॅप्लिकेशनकडे पाठवते, पासवर्ड तिथेच टाकला जातो आणि परत येते एक स्वाक्षरी केलेली चिठ्ठी: हा अमुक क्रमांकाचा सभासद, ही चिठ्ठी अमुक पोर्टलसाठीच, अमुक वेळेपर्यंतच. पासवर्ड पोर्टलला कधी दिसतच नाही. जुन्या तारखेचा सातबारा बँक परत करते, तशी मुदत टळलेली चिठ्ठी पोर्टलने परत करायची. एका गटाचा उतारा दुसऱ्या गटाच्या कामाला लावता येत नाही, तसे दुसऱ्या पोर्टलसाठी निघालेल्या चिठ्ठीला इथे थारा नाही. ही तपासणी गाळलेले काम वरवर उत्तम चालते, म्हणूनच ते धोक्याचे.

चिठ्ठीवरचा क्रमांक कोणता, यावर थोडे थांबायला हवे. बहुतेक ठिकाणी मोबाइल किंवा ईमेल हीच ओळख धरतात, कारण ती हाताशी असते. पण गावाकडे ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? वडील सभासद, आई सभासद, आणि फोन पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा. एका नंबरवर तिघे. शिवाय बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, आणि त्या परक्या माणसाला आयते खाते मिळते. सातबाऱ्याच्या मागे गट नंबर असतो, खातेदाराच्या आठ-अ उताऱ्यामागे खाते क्रमांक, आणि तो खाते क्रमांकही त्या गावापुरताच. पौडला आणि माणला जमीन असेल तर माणूस एक आणि खाती दोन. म्हणून ओळखीला असा क्रमांक लागतो जो कधी बदलत नाही आणि कधी दुसऱ्याला दिला जात नाही. मोबाइल हा त्या क्रमांकाखाली लिहायचा तपशील.

यावर आक्षेप येतो की एवढा खटाटोप छोट्या संस्थेला कशाला, आधी वेगवेगळे चालू द्या, पुढे पाहू. ‘पुढे पाहू’ची किंमत विकिमीडियाने मोजली आहे. तिथे प्रत्येक भाषेच्या विकिपीडियावर वेगळे खाते असे. मराठीवरचा एक सदस्य आणि इंग्रजीवरचा त्याच नावाचा सदस्य ही दोन माणसे असू शकत. सगळी खाती एक करायला २००८मध्ये सुरुवात झाली आणि ते काम २०१५च्या एप्रिलमध्ये पुरे झाले. सात वर्षे. ज्यांची नावे आपसांत भिडली त्यांतल्या काहींच्या नावामागे ‘एमआरविकी’सारखी शेपटी लागली. वर्षानुवर्षांची ओळख, आणि तिला शेपूट.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ते जुने, मुख्य अ‍ॅप्लिकेशन बंद पडले तर पोर्टलही बंद. खरे आहे. पण इथे महाभूलेखचे पहिले दार आठवावे. करप्याचा सल्ला वाचायला लॉगिन हवेच कशाला? जुलैत पाऊस लागून राहिलेला असताना पानावर ठिपके दिसले, तर शेजारच्या बिगरसभासदानेही तो लेख वाचावा, संस्थेचे काही जात नाही. लॉगिन लागते ते स्वतःचा हिशेब पाहायला, प्रश्न विचारायला, सभासदांपुरते दर पाहायला. ही रेघ आधी आखली की मुख्य अ‍ॅप्लिकेशन पडल्यावरही पोर्टलचा मोठा भाग उघडा राहतो. ग्राहक मात्र ‘सगळे लॉगिनच्या आत’ मागतो, कारण त्याला वाटते की कुलूप लावले की मालाची किंमत वाढते.

एक पासवर्ड फुटला तर सगळीच दारे उघडतात, हाही आक्षेप आहे. पण तीन पासवर्ड दिले तर माणूस तिन्हीकडे एकच ठेवतो किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. त्यापेक्षा एकच ठेवावा आणि बँक खाते बदलण्यासारख्या कामाला पुन्हा ओटीपी मागावा.

उरते ते लॉगआउट, आणि इथे माझ्याकडे नेटके उत्तर नाही. गावातल्या सेवा केंद्रातला संगणक दिवसभर एक आणि त्यापुढे बसणारी माणसे अनेक. पोर्टलमधून बाहेर पडलेल्याला वाटते आपण बाहेर पडलो, पण मुख्य अ‍ॅप्लिकेशनमध्ये तो आतच असतो. मागून आलेल्याने पोर्टलवर लॉगिनचे बटण दाबले की पासवर्ड न विचारता आधीच्या माणसाच्या नावाने दार उघडते. दोन्हीकडून बाहेर काढायची सोय असते, पण एखादा निरोप वाटेत हरवला की फसते. म्हणून मी तरी बटणावर नुसते ‘लॉगआउट’ लिहू नये म्हणतो. ‘सगळीकडून बाहेर पडा’ असे लिहावे, आणि पुढच्या पानावर कोणकोणत्या दारातून तो बाहेर पडला ते मराठीत, मोठ्या अक्षरांत दाखवावे.