दात्याचे दाते

पावसाळा लागला, की मुळशीत माणसं दोनच गोष्टी करतात. गावची भात लावतात आणि पुण्याची ताम्हिणी घाटात भजी खातात. आमच्या भाच्याने तिसरीच काढली. पौडच्या घरामागे पत्र्याची शेड टाकून त्याने मोटार बांधायला घेतली. हो, बांधायला! घर बांधतात तशी.

हे अगदीच जगावेगळं नाही म्हणा. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून चक्क किक मारून सुरू होणारी गाडी केली. २०२१ साली आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२च्या जानेवारीत ती मिळालीसुद्धा. असली गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, असंही ते म्हणाले होते. आमच्या बहिणीने त्यातली फक्त बोलेरो लक्षात ठेवली आहे.

तर सांगाडा झाला, चाकं आली आणि घोडं अडलं स्टिअरिंगपाशी.

"मामा, आता दाता शोधायचा," भाचा म्हणाला. माझा हात आपोआप मूत्रपिंडाकडे गेला. पण दाता म्हणजे जुनी मोटार. तिचा स्टिअरिंग कॉलम काढून हिला बसवायचा.

पिरंगुटकडच्या एका भंगारवाल्याकडे आम्ही स्थळं पाहायला गेलो. मला पाहताक्षणी अँबॅसिडर पसंत पडली. काय ते चाक! पण आमच्या नवरदेवाच्या मांडीत ते मावेना. पद्मिनीच्या कॉलमला गिअरचा दांडा चिकटलेला. म्हणजे सुनेबरोबर तिची आईही कायमची राहायला येणार. राहिली मारुती ८००. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं निघाल्यामुळे तिचे सुटे भाग कुठेही मिळतात. शिवाय कॉलम, खालचा जॉइंट आणि चाकं वळवणारा रॅक असं सगळं एकाच घरातलं उचलता येतं. हे महत्त्वाचं. कारण शाफ्टच्या टोकाला बारीक दाते असतात, ते जॉइंटच्या दात्यांत तंतोतंत बसावे लागतात. एक जरी कमी-जास्त असला तरी लग्न मोडलं. इथे दाते पंचांगही उपयोगाचं नाही.

भंगारवाल्याने निम्म्या किमतीत एक कॉलम पुढे केला. मी पाकीट काढलंच होतं. भाच्याने आधी गाडीचं नाक पाहिलं. ते चेपलेलं होतं.

"हा नको. टक्कर झाली की कॉलमची एक नळी दुसरीत शिरते, म्हणून दांडा छातीत घुसत नाही. ही शिरून बसली आहे. पुढच्या वेळी काय शिरणार?"

"वेल्डिंग मारून लांब करून देतो की!" भंगारवाला म्हणाला.

"तिथे वेल्डिंग नाही," भाचा इतक्या शांतपणे म्हणाला, की मी पाकीट खिशात घातलं. त्याचं बरोबरच होतं. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. पण उतारावर शाफ्ट तुटला, तर हातात नुसतं चाक उरतं, सुदर्शनचक्रासारखं, आणि आपण काही श्रीकृष्ण नसतो.

शेवटी मागून ठोकलेली एक आठशे सापडली. नाक शाबूत, नळ्या सरळ, दाते धड. किंमतही ठरली. भाच्याने चाक फिरवून पाहिलं, तर ते फिरेना. लॉक लागलेलं आणि किल्ली मालकाबरोबर गेलेली. भंगारवाल्याने निमूटपणे आतून पत्र्याचा डालडाचा डबा आणून आमच्यापुढे ओतला. तीनएकशे किल्ल्या असाव्यात.

"बसा," तो म्हणाला, "चहा सांगतो."